पेनड्राइव्ह आपोआप माउंट होत नाही : प्रकल्पाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

काम असं आहे की जुने पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं, एक्सटर्नल हार्ड डिस्क आणि मशीनमधून काढून ठेवलेल्या काही सुट्या डिस्क, या सगळ्यांवरचा डेटा एका ठिकाणी आणायचा. त्यासाठी एक जुना डेस्कटॉप वेगळा काढलाय, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप आहे. हे मशीन आधी बॅकअपच्या कामाला होतं, सिस्टिम चांगली चालत होती म्हणून पुसून नवी टाकली नाही, फक्त अपडेट केली. मशीन मी एकटा वापरणार नाही, टर्मिनल कधी उघडलेलं नाही असे लोकपण आपापले ड्राइव्ह आणून लावणार आहेत, त्यामुळे ड्राइव्ह लावला की तो फाइल मॅनेजरमध्ये स्वतःहून दिसला पाहिजे, म्हणजे आपोआप माउंट व्हायला हवा (माउंट म्हणजे ड्राइव्हवरच्या फाइल एखाद्या फोल्डरखाली उघडून देणं), ही पहिली अट. सध्या लावला तर काहीच होत नाही. ना खिडकी, ना डेस्कटॉपवर आयकॉन.

आज फक्त एवढंच बघितलं की खालच्या थराला ड्राइव्ह कळतोय का. एका टर्मिनलमध्ये 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवलं, त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) काय नोंदवतो ते समोर दिसत राहतं, आणि ड्राइव्ह लावत गेलो. एका एक्सटर्नल डिस्कला दिवा लागला, डिस्क फिरली, पण डीमेसेजमध्ये एक ओळ आली नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नये, कर्नलला साधी 'नवीन यूएसबी डिव्हाइस आलं' एवढी ओळही लिहिता आली नाही म्हणजे डेटाच्या तारा जोडल्याच गेल्या नाहीत. केबल बदलली, आली. ती आधीची केबल फक्त चार्जिंगची होती, तिला चिकटपट्टी लावून बाजूला ठेवली.

बाकी ड्राइव्हना कर्नल नीट ओळखतोय, डिस्कची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके -एफ' मध्ये पार्टिशन, फाइल सिस्टिम, लेबल सगळं दिसतंय. माझा चाचणीचा पेनड्राइव्ह एसडीएफ१ या नावाने आला. म्हणजे हार्डवेअर ठीक आहे, अडलंय ते त्याच्या वर कुठेतरी.

५ फेब्रुवारी

आज आधी कागदावर साखळी लिहून काढली, कारण 'ऑटोमाउंट' नावाचा एकच प्रोग्रॅम असतो आणि तो बिघडलाय असं समजून लोक जे सापडेल ते इन्स्टॉल करत सुटतात आणि मग दोन प्रोग्रॅम एकाच ड्राइव्हवर भांडतात. प्रत्यक्षात ते चारपाच वेगवेगळ्या जणांचं काम आहे आणि प्रत्येकजण पुढच्याला फक्त निरोप देतो.

कर्नल डिस्क ओळखतो आणि 'नवीन ब्लॉक डिव्हाइस आलं' असा इव्हेंट सोडतो. तो यूडेव्ह, म्हणजे नव्या डिव्हाइसची दखल घेणारा प्रोग्रॅम, ऐकतो, आपले रूल चालवतो, डिस्कवर कुठली फाइल सिस्टिम आहे, तिचा यूयूआयडी (स्वतःचा ओळख क्रमांक) काय, लेबल काय हे वाचून नोंदवतो. मग यूडिस्क्स नावाचा डेमन (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्रॅम), जो रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य यूजरच्या, अधिकाराने चालतो, तो या माहितीवरून डी-बसवर (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची वाट) त्या ड्राइव्हची वस्तू तयार करतो. इथपर्यंत काहीही माउंट झालेलं नसतं, आणि ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते की यूडिस्क्स स्वतःहून कधीच माउंट करत नाही. त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सांगणारा असतो लॉगिन केलेल्या माणसाच्या सेशनमधला प्रोग्रॅम, गनोममध्ये तो वेगळा, केडीईत वेगळा, एक्सएफसीईत थुनार हा फाइल मॅनेजर आणि त्याचा जोडीदार थुनार-वॉलमन. त्यांना ड्राइव्हची यादी जीव्हीएफएस या मधल्या थराच्या व्हॉल्यूम मॉनिटरकडून मिळते. आणि यूडिस्क्सला विनंती पोचली की तो पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला विचारतो, या माणसाला हे करायची परवानगी आहे का. पोलकिट हो म्हणाला की मगच माउंट, डेबियनवर मीडिया फोल्डरच्या आत त्या यूजरच्या नावाखाली, फेडोरा, आर्च वगैरेंवर रन फोल्डरमधल्या मीडियाखाली.

तर आता प्रत्येकाला क्रमाने विचारायचं. दोन टर्मिनल उघडली, एकात 'यूडेव्हएडीएम मॉनिटर', दुसऱ्यात 'यूडिस्क्ससीटीएल मॉनिटर', आणि पेनड्राइव्ह लावला. पहिल्यात कर्नलच्या आणि यूडेव्हच्या दोन्ही ओळी आल्या, दुसऱ्यात ड्राइव्ह आणि ब्लॉक डिव्हाइस दोन्ही 'ॲडेड' म्हणून आले. मग हाताने 'यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीएफ१' दिलं, सूडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) न लावता, आणि लगेच माउंट झालं, पासवर्डही मागितला नाही. या एका कमांडने अर्धी साखळी निर्दोष ठरते, कर्नल, यूडेव्ह, यूडिस्क्स, पोलकिट सगळे आपलं काम करतायत, फक्त वरून सांगणारा कोणी नाही. माझ्या मते ऑटोमाउंटचा प्रॉब्लेम असला की सगळ्यात आधी हीच कमांड द्यावी. सूडो लावून साधं माउंट करून बघण्यात अर्थ नाही, ते जवळजवळ नेहमीच चालतं आणि त्यातून काहीच कळत नाही, कारण ते यूडिस्क्स आणि पोलकिटला वळसा घालून जातं.

सांगणारा का नाही तेही सापडलं. थुनार-वॉलमन पॅकेज होतं, पण सेटिंगमध्ये 'काढता-घालता येणारे ड्राइव्ह' या भागात लावल्याबरोबर माउंट करायचा पर्याय बंद होता. शिवाय थुनार डेमन म्हणून चालू नव्हता, आणि डेमन नसेल तर ड्राइव्ह आल्याचा इव्हेंट ऐकायला कोणीच बसलेलं नसतं, फाइल मॅनेजरची खिडकी उघडी असली तरच तो जिवंत. सेशनच्या ऑटोस्टार्टमध्ये 'थुनार --डेमन' घातलं, सेटिंगमधला पर्याय चालू केला, लॉगआउट करून परत आलो. पेनड्राइव्ह लावला, खिडकी उघडली. चार वेगळे ड्राइव्ह लावून बघितले, सगळे आले.

जे नुसता विंडो मॅनेजर वापरतात, आयथ्री, ओपनबॉक्स वगैरे, त्यांच्याकडे हा सांगणारा मुळातच नसतो, त्यांनी यूडिस्की बसवावं, तो हेच एक काम करतो आणि नीट करतो. पण थुनार-वॉलमन आणि यूडिस्की दोन्ही एकत्र चालू ठेवू नयेत.

७ फेब्रुवारी

आज मशीन जागेवर नेऊन लावलं आणि पेनड्राइव्ह परत दिसेनात. म्हणजे काही दिसतात, काही नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे तोच पेनड्राइव्ह एकदा दिसतो आणि काढून परत लावला की दिसत नाही. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीतही नाव येत नाही, म्हणजे क्लिक करून हाताने उघडायचीही सोय नाही.

मदतीला असलेला मित्र म्हणाला, 'अरे हा पॉवरचा प्रॉब्लेम आहे, पुढचे पोर्ट कमजोर असतात, मागच्याला लाव.' मागच्याला लावला, दिसला! पण मी डीमेसेज बघत होतो आणि त्यात दोन्ही वेळेला डिस्क व्यवस्थित ओळखली गेलेली होती, रीसेट नाही, एरर नाही. पॉवर कमी पडली असती तर तिथे काहीतरी लिहिलेलं असतंच. त्यामुळे पोर्ट बदलून चाललं यावर मी समाधान मानलं नाही, आणि थोड्या वेळाने मागच्या पोर्टवरही तोच पेनड्राइव्ह गायब झाला.

मग कधी दिसतो आणि कधी नाही याची नोंद करत बसलो, पोर्ट कुठला, आधी काय लावलेलं होतं, कर्नलने दिलेल्या नावात एसडी पुढे कुठलं अक्षर आलं. अक्षराच्या रकान्यात उत्तर होतं. एसडीबी१ म्हणून आलेला ड्राइव्ह कधीच दिसत नाही, एसडीसी१ किंवा पुढचा नेहमी दिसतो. एक पेनड्राइव्ह लावलेला असताना दुसरा लावला तर दुसरा दिसतो, कारण बी अक्षर पहिल्याने घेतलंय. मागच्या पोर्टवर चाललं तेव्हा पुढच्या पोर्टला मित्राचा पेनड्राइव्ह अडकवलेला होता, एवढंच.

आणि परवा सगळं का चाललं त्याचा उलगडा असा की परवा मशीनला मेमरी कार्ड रीडर लावलेला होता. त्याला चार खाचा आहेत, आणि कार्ड नसलं तरी प्रत्येक खाच कर्नलच्या लेखी एक डिस्क असते, त्यामुळे एसडीबीपासून एसडीईपर्यंत अक्षरं त्यानेच अडवलेली. एलएसबीएलके शून्य आकाराच्या डिस्क आपणहून दाखवत नाही, '-ए' दिलं की दाखवतो, म्हणून त्या समोर असूनही दिसत नव्हत्या. आज मशीन हलवताना रीडर काढून ठेवला आणि बी अक्षर मोकळं झालं. खात्री करायला रीडर परत लावला आणि पहिल्या खाचेत कार्ड घातलं, ते एसडीबी१ झालं आणि दिसलं नाही. तेच कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं, दिसलं.

आता एसडीबी१ चं काय वाकडं आहे हे यूडिस्क्सलाच विचारलं. 'यूडिस्क्ससीटीएल इन्फो -बी /डेव्ह/एसडीबी१' दिलं की तो त्या ड्राइव्हबद्दल जे जे समजतो ते सगळं छापतो, आणि त्यात 'कॉन्फिगरेशन' नावाच्या ओळीत एरवी रिकामा कंस असतो तिथे लिहिलं होतं की याची एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्याची यादी) नोंद आहे, माउंट करायची जागा /एमएनटी/बॅकअप.

ईटीसीमधला एफएसटॅब उघडला. ओळ आहेच. मशीन बॅकअपच्या कामाला होतं तेव्हाची, '/डेव्ह/एसडीबी१', जागा /एमएनटी/बॅकअप, फाइल सिस्टिम एक्सटी४, नोऑटो (म्हणजे आपणहून माउंट करू नको). त्या काळी मशीनला एकच बाहेरची डिस्क लागायची त्यामुळे ती ओळ बरोबरच होती. पण त्या ओळीत डिस्क ओळखायची ती नावावरून, आणि एसडीबी हे नाव कुठल्या विशिष्ट डिस्कचं नसून जो आधी येईल त्याचं असतं. त्यामुळे आज कुठलाही पेनड्राइव्ह एसडीबी१ झाला की सिस्टिम त्याला ती जुनी बॅकअप डिस्क समजते. जीव्हीएफएसचा नियम असा की एफएसटॅबमध्ये नोंद असलेली आणि मीडियाच्या किंवा यूजरच्या होम फोल्डरच्या बाहेर माउंट होणारी डिस्क ही सिस्टिमची अंतर्गत बाब, ती यूजरला दाखवायची नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर सर्व्हरच्या दहा पार्टिशनची नावं डाव्या पट्टीत दिसली असती. आणि जीव्हीएफएसने यादीतच दिला नाही तर वॉलमन बिचारा माउंट कशाला सांगणार. साखळीतला प्रत्येकजण आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर वागत होता म्हणूनच कुठे एरर आली नाही.

त्या ओळीतलं नाव काढून बॅकअप डिस्कचा यूयूआयडी घातला. 'ब्लकआयडी' ने मिळतो, एक्सटी४ चा लांबलचक असतो, फॅटचा फक्त आठ अक्षरांचा मधे एक डॅश असलेला, एनटीएफएसचा सोळा अक्षरांचा. ती डिस्क परत लागायची शक्यता आहे म्हणून ओळ पूर्ण उडवली नाही. नंतर 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड', कारण सिस्टिमडी, म्हणजे मशीन सुरू करणारा आणि सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, एफएसटॅबवरून स्वतःची युनिट बनवून ठेवतो आणि त्याला सांगितल्याशिवाय तो जुन्याच ओळीवर चालतो. रीडर काढून पेनड्राइव्ह लावला, एसडीबी१ म्हणून आला आणि खिडकी उघडली.

ज्यांच्याकडे 'कधी चालतं कधी नाही' असं होतंय त्यांनी हार्डवेअरला दोष द्यायच्या आधी एफएसटॅबमध्ये एसडी-काहीतरी ने सुरू होणारी ओळ आहे का बघा. अशी ओळ पेनड्राइव्हवरून सिस्टिम इन्स्टॉल केली तर इन्स्टॉलरनेही मागे ठेवलेली असू शकते, सीडीरॉमच्या ओळींच्या आसपास असते. काढता-घालता येणाऱ्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये ठेवायचीच असेल तर यूयूआयडीने ठेवा, आणि नोऑटो नको असेल तर नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) तरी घाला, नाहीतर डिस्क लावलेली नसली की बूट होताना सिस्टिमडी ९० सेकंद तिची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो.

१० फेब्रुवारी

एनटीएफएसची (विंडोजची फाइल सिस्टिम) एक मोठी एक्सटर्नल डिस्क आली. फाइल मॅनेजरमध्ये दिसते, क्लिक केलं की एरर, 'फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा, ऑप्शन चुकीचा, सुपरब्लॉक खराब किंवा दुसरी काही एरर' या अर्थाची ती लांब इंग्रजी ओळ. ही ओळ वाचून घाबरू नये आणि तिच्यावर विश्वासही ठेवू नये, माउंट कमांडला कर्नलकडून फक्त 'नाही जमलं' एवढंच कळलेलं असतं आणि तिने सगळी संभाव्य कारणं एका दमात छापलेली असतात. खरं कारण डीमेसेजच्या शेवटच्या ओळींत असतं. तिथे एनटीएफएस३ या ड्रायव्हरने स्वच्छ लिहिलं होतं, व्हॉल्यूम डर्टी आहे आणि फोर्स फ्लॅग दिलेला नाही.

डर्टी म्हणजे मागच्या वेळी ही डिस्क विंडोजमधून इजेक्ट न करताच ओढून काढली, किंवा विंडोज नीट बंदच झालं नव्हतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, त्यात शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं, त्या अवस्थेतही एनटीएफएस पार्टिशन अर्ध्यावर राहू शकतं. कर्नलमधला एनटीएफएस३ ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ व्हर्जनला आला, आणि तो अशा डिस्कवर लिहायला ठाम नकार देतो. मला तो नकार योग्य वाटतो.

नेटवर सगळीकडे उपाय सापडतो तो 'एनटीएफएसफिक्स -डी'. तो डर्टीची खूण पुसतो, डिस्क माउंट होते आणि माणूस खूश होतो, पण आतमध्ये जे अर्धवट राहिलंय ते दुरुस्त होत नाही, एनटीएफएसफिक्स हा विंडोजच्या चेकडिस्क या तपासणीला पर्याय नाही. इथे तर डेटा जपायचा म्हणूनच एवढा खटाटोप चाललाय. म्हणून 'यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१ -ओ आरओ' देऊन फक्त वाचण्यासाठी माउंट केली, त्याला ड्रायव्हरची हरकत नसते. सगळ्या फाइल कॉपी करून घेतल्या, आणि डिस्कच्या मालकाला चिठ्ठी लिहिली की विंडोजच्या मशीनला लावून चेकडिस्क चालवा, फास्ट स्टार्टअप बंद करा आणि यापुढे इजेक्ट करून काढा.

एक्सफॅटच्या कार्डांना काही त्रास झाला नाही. पूर्वी त्यासाठी फ्यूजचं (कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या फाइल सिस्टिमचं) वेगळं पॅकेज टाकावं लागायचं, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्पेसिफिकेशन खुलं केलं आणि २०२० मध्ये ५.७ कर्नलमध्ये नीट ड्रायव्हर आला, त्यामुळे आता ते पॅकेज नसलं तरी चालतं.

१२ फेब्रुवारी

सुट्या साटा डिस्कसाठी एक डॉक आहे, तो ई-साटाने, म्हणजे साटाच्या बाहेरच्या पोर्टने, जोडला. डिस्क दिसते, पण लावली की ॲडमिनचा पासवर्ड विचारते. पेनड्राइव्हला विचारत नाही आणि याला विचारते याचं कारण परत 'इन्फो' मध्ये मिळतं, 'हिंट-सिस्टिम' ट्रू. यूडिस्क्स डिस्क कुठल्या वाटेने आलीय ते बघून ठरवतो, यूएसबीने आली तर ती माणसाने आत्ता लावलेली, साटाने आली तर ती मशीनच्या पोटातली. ई-साटा डॉक त्याला पोटातलाच वाटतो. आणि पोटातल्या डिस्कसाठी पोलकिटची परवानगी वेगळी आहे, 'फाइलसिस्टिम-माउंट' नाही तर 'फाइलसिस्टिम-माउंट-सिस्टिम', तिला ॲडमिन लागतो.

इथे दोन रस्ते आहेत. पोलकिटमध्ये रूल लिहून सगळ्यांना ती दुसरी परवानगी देऊन टाकायची, हा सोपा रस्ता. पण मग या मशीनवर बसलेला कोणीही आतल्या कुठल्याही पार्टिशनला हात लावू शकतो. मी तो घेतला नाही. यूडेव्हला फक्त त्या एका साटा पोर्टबद्दल सांगितलं. 'यूडेव्हएडीएम इन्फो' मध्ये त्या डिस्कचा आयडी-पाथ मिळतो, म्हणजे ती कुठल्या कंट्रोलरच्या कितव्या पोर्टवर आहे तो पत्ता, आणि डिस्क बदलली तरी तो तोच राहतो. ईटीसीतल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये ९९ ने सुरू होणारी फाइल केली, आयडी-पाथ हा असेल तर यूडिस्क्स-सिस्टिम शून्य, यूडिस्क्स-ऑटो एक, म्हणजे ही पोटातली डिस्क नाही आणि आपोआप माउंट करायची. नंतर 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' आणि 'यूडेव्हएडीएम ट्रिगर'. आता डॉकमधली डिस्क पेनड्राइव्हसारखीच वागते.

पोलकिटचं अजून एक लक्षात ठेवण्यासारखं. परवानगी 'ॲक्टिव्ह' सेशनला मिळते, म्हणजे जो माणूस खरोखर स्क्रीनसमोर बसलाय त्याला. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) आत येऊन तीच यूडिस्क्ससीटीएलची कमांड दिली तर पासवर्ड मागते, आणि तेच बरोबर आहे, दूर बसलेल्या माणसाने समोरच्याचा पेनड्राइव्ह परस्पर का उघडावा. स्क्रीनसमोर बसूनही पासवर्ड मागत असेल तर 'लॉगिनसीटीएल' बघा, सेशन ॲक्टिव्ह नसेल किंवा सीटच (स्क्रीन-कीबोर्डची जागा) नसेल तर गडबड लॉगिनच्या पद्धतीत आहे, माउंटमध्ये नाही.

१३ फेब्रुवारी

मित्राने एक जुना उपाय पाठवला, यूडेव्हच्या रूलमध्येच 'रन' लिहून थेट माउंट कमांड द्यायची, थुनार, यूडिस्क्स काहीच नको. करून बघितलं, रूल चालतो, पण फाइल कुठेच दिसत नाहीत. कारण यूडेव्हचा डेमन आता स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालतो, त्याने आत काही माउंट केलं तरी ते बाहेरच्या जगाला दिसत नाही, आणि नव्या व्हर्जनमध्ये तर त्याला माउंट करायची सिस्टिम कॉलच बंद केलीये. शिवाय रूलने सुरू केलेला प्रोग्रॅम मागे रेंगाळला तर यूडेव्ह तो मारून टाकतो, त्यामुळे फ्यूजवर चालणाऱ्या फाइल सिस्टिम तशाही टिकल्या नसत्या. यूएसबीमाउंट नावाचं जुनं पॅकेज याच कारणाने बंद पडलं. हाल नावाचा डेमन असायच्या काळातले एक्सएमएल फाइलवाले सल्ले तर अजूनही सर्चमध्ये वर येतात, त्यातलं आज काहीही लागू नाही.

ज्या मशीनला स्क्रीन नाही, कोणी लॉगिन करत नाही, तिथे यूडेव्हच्या रूलमधून 'सिस्टिमडी-माउंट' बोलवावं, '--नो-ब्लॉक' आणि '--कलेक्ट' लावून. तो स्वतः माउंट करत नाही, सिस्टिमडीला सांगतो, म्हणून चालतो. इथे गरज नाही, रूल काढून टाकला.

१७ फेब्रुवारी

लोक यायला लागलेत. माउंटची तक्रार नाही, पण काढण्याची आहे. कॉपीची खिडकी बंद झाली की लोकांना वाटतं काम झालं आणि ड्राइव्ह ओढतात, आणि 'इजेक्ट' दाबलं तर ते पाच मिनिटं फिरत राहतं म्हणून हँग झालं समजून ओढतात. दोन्ही वेळेला डेटा अजून रॅममध्येच असतो, कर्नल तो मागाहून सावकाश लिहितो. 'प्रोक' मधल्या मेमइन्फोत 'डर्टी' आणि 'राइटबॅक' अशा दोन ओळी असतात, मोठी फाइल संथ पेनड्राइव्हवर टाकली की त्या फुगलेल्या दिसतात आणि हळूहळू उतरतात. मशीनमध्ये रॅम भरपूर असेल तर हे जास्त जाणवतं, कारण मर्यादा रॅमच्या टक्क्यात धरलेली असते. ही मर्यादा बाइटमध्ये ठरवणाऱ्या 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' ला कमी आकडा दिला, मी ६४ एमबी दिला, आणि 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ला त्याच्या पाव. आता कॉपीचा पट्टा खऱ्या वेगाने सरकतो, सुरुवातीला धावून शेवटी अडत नाही, आणि इजेक्टही लवकर होतं. डिस्कवर अजून काहीतरी उघडं आहे म्हणून निघत नसेल तर 'एलएसओएफ' ला माउंटचा रस्ता दिला की कुठला प्रोग्रॅम धरून बसलाय ते कळतं, बहुतेक वेळा टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उभं असतं किंवा थंबनेल बनवणं चाललेलं असतं.

मशीनच्या बाजूला मोठ्या अक्षरात कागद लावलाय, इजेक्ट दाबा, 'आता काढू शकता' असं आलं की काढा.

लक्सने एन्क्रिप्ट केलेली एक डिस्क आली होती, पासफ्रेज विचारला, उघडली, काही करावं लागलं नाही.

१९ फेब्रुवारी

एका एसएसडीची केस जोडली की मिनिटभर चालते आणि मग गोठते. डीमेसेजमध्ये यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) ॲबॉर्टच्या ओळी आणि मागोमाग यूएसबी रीसेट. काही केसमधल्या चिप यूएएस नीट बोलत नाहीत, 'एलएसयूएसबी -टी' मध्ये ड्रायव्हर यूएएस आहे हे बघून घेतलं आणि त्या एकाच व्हेंडर-प्रॉडक्ट नंबरसाठी यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्समध्ये 'यू' लिहिलं, म्हणजे त्या केससाठी यूएएस बंद. वेग कमी झाला, पण स्थिर चालतीये.

२२ फेब्रुवारी

आज एक मरायला टेकलेली हार्ड डिस्क आली, टकटक आवाज करणारी, आणि त्यावर एका घराचे सगळे फोटो आहेत, दुसरी कॉपी नाही. अशा डिस्कला ऑटोमाउंट घातक आहे. माउंट झालं की फाइल सिस्टिमचं जर्नल (अर्धवट बदलांची नोंदवही) परत खेळवलं जातं, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं, एक्सटी४ तर फक्त वाचण्यासाठी माउंट केली तरी जर्नल खेळवते, नोलोड ऑप्शन दिल्याशिवाय थांबत नाही. मग फाइल मॅनेजर प्रत्येक फोल्डर उघडून थंबनेल बनवायला घेतो, हेड सगळीकडे नाचतं. ज्या डिस्ककडे थोडाच वेळ उरलाय तिचा तो वेळ यात घालवायचा नाही. आधी डीडीरेस्क्यूने, म्हणजे खराब डिस्क वाचून काढणाऱ्या प्रोग्रॅमने, पूर्ण इमेज (डिस्कची जशीच्या तशी कॉपी) काढायची, मग जे काय उघडायचं ते इमेजच्या कॉपीवर.

लोकांना हे दरवेळी समजावत बसण्यापेक्षा पुढच्या पोर्टपैकी एक पोर्ट फक्त आजारी डिस्कसाठी राखून ठेवला. ९९ च्याच फाइलमध्ये अजून एक रूल, त्या यूएसबी पोर्टचा आयडी-पाथ आला तर यूडिस्क्स-इग्नोर एक, म्हणजे जीव्हीएफएस ती डिस्क दाखवतच नाही आणि वॉलमनही हात लावत नाही. त्याच रूलमध्ये 'ब्लॉकडेव्ह --सेटआरओ' पण चालवलं, हे क्षणात संपणारं काम आहे, माउंट नाही, त्यामुळे यूडेव्हच्या रूलमध्ये चालतं, आणि चुकून कोणी लिहायला गेलं तरी कर्नल अडवतो. पूर्ण डिस्क आणि तिची पार्टिशन दोन्हींना लागू होतंय ना हे 'एलएसबीएलके -ओ नेम,आरओ' ने बघून घेतलं, दोन्हीकडे १ आला. चाचणी एका चांगल्या पेनड्राइव्हवर केली, आजारी डिस्कवर नाही.

पोर्टला लाल टेप लावली. मग ती फोटोंची डिस्क त्या पोर्टला लावली, खिडकी उघडली नाही, डाव्या पट्टीत नाव आलं नाही, डीमेसेजमध्ये डिस्क ओळखल्याच्या ओळी आल्या. डीडीरेस्क्यू सुरू केलंय मॅप फाइल ठेवून, म्हणजे मधे थांबलं तरी तिथूनच पुढे जाईल. पहिल्या फेरीत न अडखळता जेवढं वाचता येईल तेवढं घेतोय, खरवडायचं काम नंतर.

२४ फेब्रुवारी

पहिली फेरी संपली, बहुतेक डिस्क वाचली गेली, खराब भाग एका पट्ट्यात आहेत. खरवडायची फेरी चालू आहे. दोन्ही यूडेव्ह रूल, एफएसटॅब आणि डर्टी_बाइट्सची फाइल यांची कॉपी बॅकअप डिस्कवर ठेवली, मशीन बदललं तर आयडी-पाथ नव्याने बघून बदलावे लागतील, तशी टीप फाइलमध्येच वरती लिहून ठेवलीये.